अमेरिकेतल्या नोकरीचा हेल्थ इन्शुरन्स कसा निवडायचा आणि एचएसएचं काय करायचं

भारतात कंपनीचा मेडिक्लेम असला की आपण एकच प्रश्न विचारतो, कव्हर किती, तीन लाख की पाच लाख, आणि विषय संपतो. तिथे मर्यादा इन्शुरन्सवाल्याच्या खर्चाला असते, पाच लाखांच्या वर गेलं की तुमचं तुम्ही बघा. अमेरिकेतल्या नोकरीच्या प्लॅनमध्ये बरोब्बर उलटं असतं. इथे मर्यादा तुमच्या खर्चाला असते, म्हणजे वर्षभरात अमुक इतके डॉलर तुमच्या खिशातून गेले की त्यापुढचा नेटवर्कमधला (म्हणजे प्लॅनशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांकडचा), कव्हर असलेला सगळा खर्च प्लॅनचा, मग बिल दोन लाख डॉलरचं का असेना. नुकतेच एच-वन किंवा एल-वन व्हिसावर आलेले लोक, किंवा एमएस करून पहिली नोकरी लागलेली मुलं, पोर्टलवर चार प्लॅन बघतात आणि सगळ्यात कमी किंवा सगळ्यात जास्त प्रीमियमवाला टिक करून मोकळे होतात. दोन्ही चूक असू शकतं. खाली क्रमाने लिहिलंय, आकडे २०२६ चे आहेत, दरवर्षी थोडे वर सरकतात.

पायरी १: आधी तारीख बघा, प्लॅन नंतर

रुजू झाल्यावर निवड करायला बहुतेक कंपन्यांत साधारण ३० दिवस मिळतात. ते गेले तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे सगळ्यांना प्लॅन निवडता-बदलता येतो त्या वार्षिक मुदतीपर्यंत, थांबायचं, ती बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते आणि प्लॅन सुरू होतो १ जानेवारीला. मधे बदल करता येतो तो फक्त काही कारणांनी, म्हणजे लग्न, बाळ, जोडीदाराचं कव्हर जाणं वगैरे, आणि त्यालाही सहसा ३० दिवसच. बाळ झालं तर त्याचं नाव त्या ३० दिवसांत घालायचंच, सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट बघत बसू नका, नंबर नंतर देता येतो. बायको किंवा नवरा तीन-चार महिन्यांनी भारतातून येणार असेल तर तेव्हा नाव घालता येईल का हे एचआरला आत्ताच ईमेलवर विचारून ठेवा, बऱ्याच कंपन्या हो म्हणतात पण लेखी असलेलं बरं.

भारतातून आलेल्यांना दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, आईवडिलांना इथल्या कंपनीच्या प्लॅनमध्ये सहसा घालता येत नाही, भारतातल्या ग्रुप पॉलिसीत घालायचो तसं इथे नाही. ते बाळंतपणाला किंवा उन्हाळ्यात आले की त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स वेगळा घ्यायचा. दुसरी चांगली गोष्ट, आधीपासूनच्या आजारांना वेटिंग पिरियड नाही, २०१४ पासून तो प्रकारच बंद आहे. शुगर असो, बीपी असो, कव्हर सुरू झालं त्या दिवसापासून सगळं धरलं जातं.

पायरी २: पाच आकडे शोधा

प्रत्येक प्लॅनसोबत समरी ऑफ बेनिफिट्स अँड कव्हरेज नावाचं काही पानांचं पीडीएफ असतं, ते देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि सगळ्या कंपन्यांचं एकाच साच्यात असतं त्यामुळे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतं. रंगीत ब्रोशर वाचू नका, हे वाचा. त्यात शेवटी बाळंतपण, डायबेटिस आणि हाड मोडणं अशी तीन उदाहरणं सोडवून दाखवलेली असतात, ती खरंच उपयोगाची आहेत.

प्रीमियम म्हणजे दर पगारातून कापली जाणारी रक्कम. खरा प्रीमियम याच्या कितीतरी जास्त असतो, मोठा वाटा कंपनी भरते. केएफएफ या आरोग्य-धोरणावर अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या सर्व्हेत फॅमिली कव्हरेजचा सरासरी वार्षिक प्रीमियम २५,५७२ डॉलर होता आणि त्यातले कर्मचाऱ्याच्या खिशातून ६,२९६. हे लक्षात ठेवा, नोकरी गेल्यावर याचा झटका बसतो, त्यावर शेवटी येतो.

डिडक्टिबल म्हणजे प्लॅनने हात घालायच्या आधी तुम्ही भरायची रक्कम. कोइन्शुरन्स म्हणजे डिडक्टिबल संपल्यावर उरलेल्या बिलातला तुमचा टक्का, बहुतेक वेळा २०. कोपे म्हणजे डॉक्टरकडे गेल्यावर काउंटरवर द्यायचे ठरलेले २०-३०-५० डॉलर. आणि आउट ऑफ पॉकेट मॅक्स म्हणजे वर सांगितलेली तुमच्या खर्चाची मर्यादा, २०२६ मध्ये कायद्याने ती एकट्याला १०,६०० आणि फॅमिलीला २१,२०० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही, बऱ्याच कंपन्यांच्या प्लॅनमध्ये बरीच खाली असते. प्रीमियम त्यात धरत नाहीत आणि नेटवर्कबाहेरचा खर्चही सहसा धरत नाहीत.

पीपीओ, एचएमओ, ईपीओ ही नावं नेटवर्कची आहेत. पीपीओत कुठल्याही स्पेशालिस्टकडे थेट जाता येतं आणि नेटवर्कबाहेर गेलात तरी थोडं कव्हर मिळतं. एचएमओत आधी तुमचा प्रायमरी डॉक्टर, तो रेफरल देणार, मग पुढे, कॅलिफोर्नियातल्या लोकांना कायझर या तिथल्या मोठ्या एचएमओमुळे हे माहीत असतं. ईपीओ मधलं, रेफरल बहुतेक लागत नाही पण बाहेर गेलात तर इमर्जन्सी सोडून काही मिळत नाही.

पायरी ३: दोन वर्षांचं गणित मांडा

माझं मत सरळ आहे, प्लॅनची तुलना प्रीमियमवर करायचीच नाही. एक चांगलं वर्ष आणि एक वाईट वर्ष घ्यायचं, दोन्हीत वर्षाअखेर एकूण किती जातील ते काढायचं. चांगलं वर्ष म्हणजे दोन-तीन वेळा सर्दी-ताप. वाईट वर्ष म्हणजे ऑपरेशन, ज्यात तुम्ही आउट ऑफ पॉकेट मॅक्सला टेकता.

समजा, नवरा-बायको-एक मूल. पहिला प्लॅन पीपीओ, महिन्याला ४२० डॉलर कापतात, वर्षाचे ५,०४०, डिडक्टिबल १,५००, कोइन्शुरन्स २० टक्के, आउट ऑफ पॉकेट मॅक्स ८,०००. दुसरा हाय डिडक्टिबल प्लॅन, महिन्याला २१०, वर्षाचे २,५२०, डिडक्टिबल ४,०००, त्यापुढे २० टक्के, मॅक्स ९,०००, आणि कंपनी तुमच्या एचएसएत, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीच्या तुमच्या बचत खात्यात (सविस्तर पायरी ५ मध्ये), १,२०० टाकते.

चांगल्या वर्षी डॉक्टरची ६०० डॉलरची बिलं झाली. पीपीओत ५,०४० आणि कोपेचे समजा १००, एकूण ५,१४०. दुसऱ्यात २,५२० अधिक ६०० वजा १,२००, म्हणजे १,९२०. वाईट वर्षी पीपीओत ५,०४० अधिक ८,०००, म्हणजे १३,०४०. दुसऱ्यात २,५२० अधिक ९,००० वजा १,२००, म्हणजे १०,३२०. मधलं वर्ष घ्या, ६,००० ची बिलं, पीपीओत ५,०४० अधिक १,५०० अधिक उरलेल्या ४,५०० चे २० टक्के ९००, झाले ७,४४०, दुसऱ्यात २,५२० अधिक ४,००० अधिक ४०० वजा १,२००, झाले ५,७२०. नाव ऐकून घाबरवणारा प्लॅन तिन्ही वर्षांत स्वस्त निघाला, आणि एचएसएचा टॅक्स अजून धरलेलाच नाही.

पण दरवेळी असं होत नाही हो. काही कंपन्या एचएसएत एक डॉलर टाकत नाहीत आणि प्रीमियममधला फरक महिन्याला ४० डॉलर असतो, म्हणजे वर्षाला ४८०, आणि त्यासाठी डिडक्टिबल अडीच हजाराने जास्त. मग पीपीओच घ्या, सरळ हिशोब आहे. दुसरं म्हणजे हातात रोख लागते. हाय डिडक्टिबल प्लॅनमध्ये जानेवारीतच पोराचा हात मोडला तर पूर्ण ४,००० एकदम समोर येतात, तेव्हा एचएसएत फक्त जानेवारीचा हप्ता जमा असेल. नुकतंच आलात, अपार्टमेंटचं डिपॉझिट, गाडीचं डाउन पेमेंट, भारतातलं एज्युकेशन लोन, आणि बँकेत जेमतेम दोन हजार, अशी परिस्थिती असेल तर पहिलं वर्ष कमी डिडक्टिबलचा प्लॅन घेण्यात काही कमीपणा नाही, गणितात थोडे जास्त गेले तरी झोप लागते. पुढच्या ओपन एनरोलमेंटला बदला.

उशिरा रुजू झालेल्यांनी एक बघायचं, डिडक्टिबल बहुतेक प्लॅनमध्ये १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून सुरू होतं. ऑक्टोबरमध्ये आलात आणि टाळता येण्यासारखं ऑपरेशन डिसेंबरमध्ये केलंत तर त्यानंतरची फिजिओथेरपी नव्या डिडक्टिबलमध्ये. बाळंतपणाचंही तेच, तारीख जानेवारीची असेल तर आधीच्या तपासण्या एका वर्षात आणि डिलिव्हरी दुसऱ्या वर्षात, आणि बाळाची बिलं बाळाच्या नावाने वेगळी येतात. बाळ अपेक्षित असेल त्या वर्षी वाईट वर्षाचाच आकडा धरून चाला.

पायरी ४: डॉक्टर आणि गोळ्या तपासा

तुमचे ठरलेले डॉक्टर नसतील तर ही पायरी लवकर उरकते. असतील तर प्लॅनच्या वेबसाइटवर नाव दिसलं म्हणून थांबू नका, क्लिनिकला फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून इन-नेटवर्क आहात का विचारा, "आम्ही हा इन्शुरन्स घेतो" आणि "आम्ही नेटवर्कमध्ये आहोत" यात फार फरक आहे. लॅबही विचारा, डॉक्टर नेटवर्कमध्ये आणि रक्त भलत्याच लॅबला गेलं असं होतं. रोजच्या गोळ्या असतील तर फॉर्म्युलरीत, म्हणजे प्लॅनच्या औषधांच्या यादीत, त्या कुठल्या टियरमध्ये (किमतीच्या गटात) आहेत बघा. इन्सुलिनसारखी काही औषधं हाय डिडक्टिबल प्लॅनलाही डिडक्टिबलच्या आधी कव्हर करायची मुभा आहे, तुमचा प्लॅन करतो का ते पीडीएफमध्ये सापडेल. डेंटल आणि व्हिजन वेगळे निवडावे लागतात. डेंटलला मात्र आपल्याकडच्यासारखी वरची मर्यादा असते, बऱ्याचदा वर्षाला १,००० ते २,००० डॉलर, त्यामुळे त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

पायरी ५: एचएसए

एचएसए म्हणजे हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, २००४ पासून आहे. उघडायला एचएसएला पात्र असा हाय डिडक्टिबल प्लॅन लागतो, २०२६ मध्ये त्याचं डिडक्टिबल किमान एकट्याला १,७०० आणि फॅमिलीला ३,४०० डॉलर हवं. नुसतं डिडक्टिबल मोठं असून चालत नाही, प्लॅनच्या नावापुढे एचएसए एलिजिबल लिहिलंय का बघा. नागरिकत्वाची किंवा ग्रीन कार्डची अट नाही, एच-वनवाल्यांना चालतं.

वर्षाला जास्तीत जास्त एकट्याच्या कव्हरेजला ४,४०० आणि फॅमिलीला ८,७५० डॉलर टाकता येतात, कंपनी टाकते ते धरून. टाकताना टॅक्स नाही, आत वाढलं त्यावर टॅक्स नाही, आणि वैद्यकीय खर्चाला काढलं तर तेव्हाही नाही. ४०१के ला, म्हणजे कंपनीतून मिळणाऱ्या निवृत्तीच्या खात्याला, यातलं शेवटचं मिळत नाही. शिवाय पगारातून कापून टाकलं तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर टॅक्सचे ७.६५ टक्केही वाचतात, तुम्ही स्वतः बँकेतून टाकलं तर ते वाचत नाहीत, म्हणून शक्यतो पेरोलमधूनच टाका. वरच्या उदाहरणात कंपनीचे १,२०० सोडून तुम्ही ७,५५० टाकले आणि २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलात तर साधारण २,२४० डॉलर टॅक्स वाचतो. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी ही दोन राज्यं स्टेट टॅक्समध्ये एचएसए मानत नाहीत, म्हणजे बे एरिया आणि एडिसन, आपली निम्मी मंडळी तिथेच! फेडरल फायदा त्यांनाही पूर्ण मिळतो.

आता अडकायच्या जागा. प्लॅन निवडला म्हणजे अकाउंट उघडलं असं नाही, बऱ्याच ठिकाणी वेगळं क्लिक करून उघडावं लागतं आणि अकाउंट उघडायच्या आधी झालेला खर्च एचएसएतून कधीच घेता येत नाही, त्यामुळे पहिल्या आठवड्यात उघडा. वर्षाच्या मधे आलात तर मर्यादा महिन्यांच्या प्रमाणात, म्हणजे १ ऑक्टोबरपासून फॅमिली कव्हर असेल तर ८,७५० चे तीन बारांश, २,१८७ डॉलर ५० सेंट. १ डिसेंबरला पात्र असाल तर पूर्ण वर्षाचे टाकायची सवलत आहे, पण मग पुढच्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत पात्र राहावं लागतं, नोकरी बदलायचा विचार असेल तर त्या भानगडीत पडू नका. जास्त टाकले गेले आणि वेळेत काढले नाहीत तर दरवर्षी ६ टक्के दंड, वर्षात दोन कंपन्या झाल्या की हा घोळ हमखास होतो, कारण नव्या कंपनीला जुनीचं काही माहीत नसतं.

दोघं नोकरी करत असाल तर सगळ्यात मोठा खड्डा एफएसएचा. फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट हा वेगळा प्रकार, मर्यादा ३,४०० डॉलर, वर्षात संपवायचं नाहीतर जातं, काही कंपन्या ६८० पर्यंत पुढे नेऊ देतात. एका जोडीदाराने आपल्या कंपनीत साधं हेल्थ एफएसए घेतलं तर दुसरा एचएसएत पैसे टाकायला अपात्र होतो, कारण ते एफएसए दोघांच्याही खर्चाला चालतं. फक्त दात-डोळ्यांसाठीचं लिमिटेड पर्पज एफएसए असेल तर चालतं. पाळणाघराच्या खर्चाचं डिपेंडंट केअर एफएसए पूर्ण वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही, ते बिनधास्त घ्या.

खर्च कोणाचा चालतो? तुमचा, जोडीदाराचा, आणि टॅक्स रिटर्नवर अवलंबून असलेल्या मुलांचा, मग जोडीदार तुमच्या प्लॅनवर नसला तरी. भारतात राहणाऱ्या आईवडिलांचा नाही. चष्मा, दात, डॉक्टरची बिलं, २०२० पासून साध्या दुकानातल्या क्रोसिनसारख्या गोळ्या आणि सॅनिटरी पॅडसुद्धा. आणि हे फार कमी जणांना माहीत असतं, भारतात घेतलेले उपचारही चालतात. सुट्टीत पुण्यात रूट कॅनल करून घेतलंत तर तारीख, नाव आणि काय केलं ते लिहिलेली पक्की पावती घ्या, त्या दिवसाच्या दराने डॉलर करून एचएसएतून घ्या. डॉक्टरने लिहून दिलेली औषधं तिथेच विकत घेऊन तिथेच खाल्ली तर चालतात, मात्र सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून आणल्या त्या चालत नाहीत.

पैसे कधी काढायचे यालाही मुदत नाही. ज्यांना जमतं ते डॉक्टरची बिलं खिशातून भरतात, पावत्या स्कॅन करून ठेवतात, एचएसएतले पैसे इंडेक्स फंडात वाढू देतात आणि दहा-पंधरा वर्षांनी जुन्या पावत्यांवर टॅक्सशिवाय काढतात. उत्तम युक्ती आहे, पण डिडक्टिबलएवढी रक्कम आधी रोख ठेवा मग फंडांकडे वळा. वैद्यकीय सोडून इतर कशाला काढलेत तर टॅक्स आणि वर २० टक्के दंड, वयाच्या ६५ नंतर फक्त टॅक्स. टॅक्स भरताना फॉर्म ८८८९ जोडायचा असतो, डब्ल्यू-२ वर (कंपनी देते त्या पगाराच्या वार्षिक फॉर्मवर) बॉक्स १२ मध्ये डब्ल्यू अक्षरापुढे जो आकडा दिसतो तो तुमचा आणि कंपनीचा मिळून असतो, तो पूर्ण कंपनीचा समजू नका नि पुन्हा वजावटही घेऊ नका.

पायरी ६: पहिल्यांदा डॉक्टरकडे जाताना

वर्षाची फिजिकल तपासणी आणि ठरलेल्या लशी नेटवर्कमध्ये फुकट, हाय डिडक्टिबल प्लॅनमध्येसुद्धा, तेव्हा ती घ्याच, तब्येत उत्तम असली तरी. फक्त तिथे बोलता बोलता "हल्ली गुडघा दुखतो हो" असं म्हणालात आणि डॉक्टरने गुडघा तपासला तर त्याचं वेगळं बिल येऊ शकतं, लोक चिडतात पण नियम तसा आहे.

रात्री ताप आला, पाय मुरगळला, तर अर्जंट केअर, म्हणजे अपॉइंटमेंटशिवाय जाता येणारं क्लिनिक. इमर्जन्सी रूम छातीत दुखणं, श्वास लागणं, मोठा अपघात यासाठी, दोन्हीच्या बिलात कित्येक पटींचा फरक असतो. खरी इमर्जन्सी असेल तर नेटवर्क शोधत बसू नका, जवळच्या हॉस्पिटलला जा, २०२२ पासूनच्या नो सर्प्रायझेस कायद्यामुळे तिथे नेटवर्कबाहेरचं जादा बिल लावता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र त्या कायद्यात नाही.

बिल आलं की लगेच भरू नका. आधी इन्शुरन्सकडून एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स येऊ द्या, त्यावर मोठ्या अक्षरात हे बिल नाही असं लिहिलेलं असतं आणि तुम्ही देणं लागता तो खरा आकडा तिथे असतो. हॉस्पिटलचं बिल त्याच्याशी जुळलं तरच भरा. नाही जुळलं तर आयटमाइज्ड, म्हणजे एकेका गोष्टीची किंमत लिहिलेलं बिल मागा, फोन करा, तारीख आणि बोललेल्याचं नाव लिहून ठेवा. रक्कम मोठी असेल तर हप्ते मागायला लाजू नका, बहुतेक हॉस्पिटलं बिनव्याजी देतात.

नोकरी गेली किंवा परत निघालात तर

एच-वनवाल्यांना नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांचा ग्रेस पिरियड असतो हे सगळ्यांना पाठ आहे. इन्शुरन्सचं काय होतं ते कोणी बघत नाही. कव्हर शेवटच्या दिवशी संपतं की महिनाअखेर, हे एचआरला त्याच मीटिंगमध्ये विचारा. २० किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपनीत कोब्रा मिळतो, तोच प्लॅन १८ महिन्यांपर्यंत, पण आता कंपनीचा वाटाही तुमचाच आणि वर २ टक्के, म्हणून तो २५ हजारांचा आकडा लक्षात ठेवा म्हटलं होतं. कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला निदान ६० दिवस मिळतात आणि घेतला तर कव्हर मागच्या तारखेपासून धरलं जातं, त्यामुळे दुसरी नोकरी लवकर लागणार असेल तर काही जण फॉर्म हातात ठेवून थांबतात आणि गरज पडली तरच मागचे प्रीमियम भरून घेतात. एरवी प्रीमियम एचएसएतून भरता येत नाही, कोब्राचा भरता येतो.

एफएसएत उरलेले पैसे नोकरीबरोबर जातात, त्यामुळे शेवटच्या दिवसाच्या आत चष्मे करून घ्या. एचएसए तुमचंच राहतं, नवीन कंपनीत गेलात, एचएमओ घेतलात किंवा कायमचे भारतात परतलात तरी, फक्त एचएसएला पात्र प्लॅन नसेल तोवर नवे पैसे टाकता येत नाहीत एवढंच. परतत असाल तर निघायच्या आधी सगळ्या जुन्या पावत्यांचे पैसे काढून घ्या, अकाउंटवाल्यांना परदेशी पत्ता चालतो का विचारा, आणि दोन्हीकडचा टॅक्स बघणाऱ्या सीएशी अमेरिकेत असतानाच एकदा बोला.